न दुखणारें दुखणें

पटकी, प्लेग, देवी आणि हिंवताप हीं नांवें एके काळीं वऱ्हाडांतील घराघरांत धाक बसवीत असत. यांपैकीं कोणताहि रोग गांवांत शिरला म्हणजे तो लपून राहत नसे. प्लेगच्या दिवसांत उंदीर पडूं लागले कीं गांवकरी घराला कुलूप घालून रानांत झोपड्या बांधून राहत; देवी आल्या कीं दाराला कडुलिंबाचा टहाळा लागे; पटकीची सांथ आली कीं विहिरींत औषध टाकलें जाई. रोग भयंकर होता, पण तो समोर दिसत होता; आणि समोर दिसणाऱ्या शत्रूशीं झुंजण्यास माणसें आपोआप एकत्र येतात. लस, शुद्ध पाणी व स्वच्छता यांच्या बळावर ही झुंज पुष्कळ अंशीं जिंकतां आली. भारतांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला, आणि १९८० सालीं सर्व जगांतून तो रोग नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

आजचा शत्रु निराळ्या जातीचा आहे. भारतांत १९९० सालीं झालेल्या एकंदर मृत्यूंपैकीं शेंकडा ३७.९ मृत्यु हृद्रोग, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, फुप्फुसांचे जुने विकार अशा रोगांनीं झाले. म्हणजे जे एकाचे दुसऱ्यास लागत नाहींत आणि जडले म्हणजे बहुधा जन्माचे सोबती होतात अशा रोगांनीं. २०१६ सालीं हेंच प्रमाण शेंकडा ६१.८ वर गेलें. एका पिढीच्या अवधींत देशाच्या मरणाचें मुख्य कारणच पालटलें. यांत थोडा आनंदाचाहि भाग आहे. बाळपणीं मरणारीं मुलें वांचलीं, मोठीं झालीं, म्हातारीं होऊं लागलीं. आणि वाढत्या वयाबरोबर येणारे रोग त्यांच्या वांट्यास आले. परंतु हे रोग केवळ म्हातारपणींच येते तर कोणी तक्रार केली नसती. ते चाळिशी-पन्नाशींत, घराचा भार खांद्यावर असतांना येतात, हें खरें दुःख आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील जानेफळ हें गांव या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगें आहे. भोंवतालीं सोयाबीन, तूर व कपाशी यांचीं शेतें. आषाढी वारी आटोपून पंढरपुराहून शेगांवास परतणारी श्रीगजानन महाराजांची पालखी मेहकराहून पुढें जानेफळास येते. शेंकडों मैल पायीं तुडवून आलेले ते वारकरी, त्यांना भाकर-पिठलें वाढणारे ते कष्टाळू गांवकरी पाहिले म्हणजे हृद्रोगासारख्या रोगाला अशा मुलखांत थारा तरी कसा मिळेल, असें शहरांतील मनुष्यास वाटावें. हृद्रोग हा गादीवर बसून हिशेब करणारांचा, मोटारींतून हिंडणारांचा, तुपांत बोटें बुडालेल्यांचा रोग आहे, अशी समजूत सुशिक्षित घरांत अद्यापि आहे. आणि गंमत अशी कीं, खेड्यांतहि तीच आहे.

ही समजूत किती फसवी आहे, हें विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला दिसून आलें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं स्थापिलेली ‘सर्च’ ही संस्था खेड्यांच्या आरोग्याचें काम करीत आली आहे. तेथील संशोधकांनीं ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळांत झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरोघर जाऊन चौकशी केली. हिंवताप, क्षय, सर्पदंश यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या त्या अरण्यमय मुलखांत मृत्यूचें पहिलें कारण कोणतें निघावें? पक्षाघात! ज्यास खेड्यांत लकवा म्हणतात तो. शंभरांतील चौदांहून अधिक मृत्यु एकट्या त्यानें झाले होते, आणि त्यांतील बहुतेक माणसें घरींच वारलीं होतीं. मेंदूंतील रक्तवाहिनी बुजते किंवा फुटते, तिचें नांव पक्षाघात. हृदयाची रक्तवाहिनी बुजते, तिचें नांव हृदयविकाराचा झटका. नांवें दोन, पण दोहोंच्या मुळाशीं असलेलीं कारणें बहुतांशीं एकच. आणि त्यांतील सर्वांत मोठें कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

रक्तदाब म्हणजे काय? हृदय हा सुमारें मुठीएवढा स्नायूचा पंप आहे. तो दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावून रक्त पुढें ढकलतो. तें रक्त वाहतांना वाहिनीच्या भिंतींवर जो जोर पडतो त्यास रक्तदाब म्हणतात. तो सांगतांना दोन आंकडे सांगतात. वरचा आंकडा हृदय आकुंचन पावतें त्या क्षणाचा, व खालचा तें विसावतें त्या क्षणाचा. दोन-तीन निरनिराळ्या दिवशीं मोजूनहि वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० याच्या घरांत वा त्याहून वर राहूं लागला, म्हणजे दाब वाढला असें डॉक्टर मानतात.

वाढलेल्या दाबानें होणारी हानि जानेफळच्या शेतकऱ्यास समजावून देण्यास शरीरशास्त्राचें पुस्तक नको. त्याच्या शेतांतील ठिबकच्या नळ्या पुरेत. विहिरीच्या पाण्यांतील क्षार नळीच्या बारीक छिद्रांशीं हळूहळू थर धरीत असतात. कित्येक दिवस पीक हिरवेंगारच दिसतें. पंप चालतो, पाणी जातें, सर्व ठीक आहे असें वाटतें. मग एके दिवशीं ओळीच्या टोकाचीं झाडें माना टाकतात, तेव्हां कळतें कीं नळी केव्हांच बुजली होती. आणि बुजत्या नळीवर पंपाचा जोर वाढत राहिला तर एखादा जोड फुटून पाणी भलतीकडेच वाहूं लागतें. शरीरांत हेंच घडतें. जोराच्या दाबानें वाहिनीचें आंतलें अस्तर खरबरीत होतें. त्या खरबरीत जागीं चरबीचा थर बसूं लागतो. तंबाखू आणि रक्तांतील वाढलेली साखर त्या कामास हातभार लावतात. दहा-पंधरा वर्षें हें काम मुकाट्यानें चालतें. त्या अवधींत माणसाचें डोकें दुखत नाहीं, छाती दुखत नाहीं, अन्न गोड लागतें, झोंप येते. शहाणा शेतकरी पीक वाळण्याची वाट न पाहतां ठराविक दिवसांनीं नळ्या धुऊन काढतो. पण स्वतःच्या शरीरांतील नळ्यांविषयीं तोच शेतकरी, आणि तितकाच शहरांतील वकील किंवा प्राध्यापकहि, दुखेपर्यंत थांबतो.

यांत केवळ अडाण्यांचाच दोष आहे असें नव्हे. एके काळीं मोठमोठे डॉक्टरहि असेंच मानीत असत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६ व १०८ इतका आढळला. तरी महायुद्धाचा भार वाहतच त्यांनीं पुढील वर्ष काढलें, कारण दाब उतरविणारें खात्रीचें औषध त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले. त्या दिवशीं त्यांचा दाब ३०० व १९० इतका मोजला गेला. जगांतील सर्वांत समर्थ राष्ट्राचा प्रमुख ज्या रोगानें गेला, त्यावरील गोळी आज जानेफळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या सरकारी केंद्रांतून मोफत दिली जाते. ऐंशी वर्षांत झालेला हा पालट लहान नव्हे.

हा पालट घडविणारें ज्ञान एका लहान गांवांतून आलें. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम नांवाच्या गांवीं १९४८ सालीं ५,२०९ निरोगी स्त्रीपुरुषांची नोंद करण्यांत आली, आणि दर दोन वर्षांनीं त्यांची तपासणी होऊं लागली. कोणास रोग होतो आणि कोणास होत नाहीं, एवढेंच पाहत राहावयाचें होतें. पुढें दिसून आलें कीं, ज्यांचा दाब अधिक, ज्यांच्या रक्तांत चरबी अधिक, जे धूम्रपान करीत, त्यांनाच हृद्रोगानें अधिक गांठलें. रोग अकस्मात् येत नाहीं; तो येण्यापूर्वीं कित्येक वर्षें आपल्या खुणा ठेवीत येतो, आणि त्या खुणा मोजतां येतात, हें त्या संशोधनाचें सार होय.

मग ज्या खुणा पूर्वीं शहरांत दिसत, त्या आतां खेड्यांत कां दिसूं लागल्या? याचीं कांहीं कारणें डोळ्यांसमोर आहेत. नांगर-वखराची जागा ट्रॅक्टरनें व पायवाटेची जागा मोटारसायकलनें घेतली. ज्वारीच्या भाकरीबरोबर ताटांत गहू-तांदूळ वाढला, तेलाचा डबा लवकर संपूं लागला, आणि बसथांब्यावरच्या टपरीवर शेव-चिवड्याच्या पुड्या लोंबूं लागल्या. कमरेला तंबाखूची पुडी व चुन्याची डबी तर पूर्वींपासूनच होती. २०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करीत असल्याचें आढळलें, आणि त्यांतील बहुतेकांचा तंबाखू धुराचा नसून चघळण्याचा वा घांसण्याचा होता. विडी न ओढणारा मनुष्य ‘मला व्यसन नाहीं’ असें प्रामाणिकपणें सांगतो, पण त्याच्या गालांत तंबाखूची चिमूट असते!

पण एक कारण डोळ्यांस दिसणारें नाहीं, आणि तें शोधून काढण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथें जन्मणाऱ्या बालकांचें सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें तें ३.५ किलोच्या आसपास होतें. आपलें बाळ सर्व अंगांनीं सारख्याच प्रमाणांत लहान असेल, अशी कोणाचीहि अपेक्षा असावी. पण तसें नव्हतें. स्नायू व पोटांतील इंद्रियें लहान होतीं, मात्र कातडीखालील चरबी जवळजवळ साहेबाच्या बाळाइतकीच होती. वरून किडकिडीत, आंतून चरबीदार, असें हें बाळ! अशा प्रकृतीचा मनुष्य पुढें थोडें अधिक खाऊं लागला व थोडा कमी चालूं लागला, तरी त्यास मधुमेह लवकर गांठतो. त्याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं, ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं बाळें अधिक भरदार होतीं. तेव्हां हृद्रोग टाळण्याचें काम साठाव्या वर्षीं दवाखान्यांत सुरू होत नाहीं. तें गरोदर सुनेच्या ताटांत सुरू होतें. सर्वांचीं जेवणें झाल्यावर उरलें-सुरलें खाणारी सून ज्या घरांत आहे, त्या घरानें नातवाच्या मधुमेहाची पेरणी आधींच करून ठेवली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

देशांत २००८ ते २०२० या काळांत झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनें मधुमेहींची संख्या १० कोटि १० लक्ष असल्याचा अंदाज दिला. शहरांत प्रमाण शेंकडा १६.४ व खेड्यांत ८.९ होतें. हा फरक पाहून खेडीं सुखी आहेत असें वाटेल. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांचें प्रमाण पाहिलें, तर शहर आणि खेडें यांत जवळजवळ फरकच नव्हता. दोन्हीकडे शेंकडा १५ च्या वर. अर्थ उघड आहे. खेडें शहराच्या मागोमाग त्याच वाटेनें येत आहे. वाट अजून अडवितां येण्याजोगी आहे, एवढेंच.

ती अडविण्याचा सरकारी उद्योग २०१० सालीं सुरू झाला. कर्करोग, मधुमेह, हृद्रोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रथम देशांतील निवडक १०० जिल्ह्यांत हातीं घेण्यांत आला. महाराष्ट्रांतून आरंभींच निवडलेल्या जिल्ह्यांत वर्धा आणि बुलढाण्याचा शेजारी वाशिम हे होते. पुढें तो सर्वत्र पसरला, आणि २०१८ पासून गांवोगांवच्या उपकेंद्रांचें रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊं लागलें. ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचा रक्तदाब व रक्तांतील साखर तपासावी, तोंडाचा कर्करोग आणि स्त्रियांच्या बाबतींत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग पाहावा, हा त्याचा मूळ नियम. रोग्यानें दवाखान्यांत यावें ही जुनी रीत. येथें दवाखान्यानेंच निरोग्याच्या दारीं जावयाचें आहे.

हें दारीं जाण्याचें काम प्रत्यक्षांत करते ती ‘आशा’ स्वयंसेविका. सुमारें हजार वस्तीमागें एक, बहुधा त्याच गांवची सून, ठराविक पगाराऐवजीं मानधनावर काम करणारी. हातांत एक कागद व शिवणकामाची फीत घेऊन ती ओसरीवर येते आणि सहा गोष्टी विचारते. वय काय, तंबाखू आहे का, दारू आहे का, कमरेचा घेर किती, आठवड्यांत निदान दीडशें मिनिटें अंगमेहनत होते का, आणि आईबापांस वा भावंडांस दाब, मधुमेह किंवा हृद्रोग होता का. स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या व पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढें गेली कीं गुण पडूं लागतात. हे गुण परीक्षेंतल्यासारखे नव्हेत. येथें जितके अधिक तितकें वाईट. बेरीज चारांहून अधिक झाली, तर त्या माणसास अगोदर तपासणीस पाठवावयाचें. ही फीत आणि हा कागद दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु फ्रॅमिंगहॅमच्या त्या दीर्घ परिश्रमांचें फळ जानेफळच्या ओसरीवर येऊन पोंचतें तें याच रूपानें.

येथपर्यंत सर्व सुरळीत वाटतें. खरी अडचण यापुढें आहे. दाब मोजला, तो अधिक निघाला, गोळी दिली. आणि शेतकरी विचारतो, “मले त कायी दुखत नायी, मंग गोळी कायले खाऊ?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आजवर त्याचा अनुभव असा कीं, ताप आला म्हणजे औषध घ्यावें, ताप गेला म्हणजे सोडावें. न दुखणाऱ्या रोगासाठीं जन्मभर औषध घ्यावयास सांगणारी विद्या त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाविरुद्ध बोलत असते. त्यांतून पेरणीचे दिवस आले, सोयाबीन सोंगणीस आलें, मजूर मिळेनात, कीं केंद्रावर जाण्याचा दिवस चुकतो. गोळ्या संपतात. पंधरा दिवस गोळ्यांवांचून जातात, आणि कांहींच होत नाहीं! मग त्यास वाटतें, गोळीची गरजच नव्हती. कित्येकदां गोळीनें दाब उतरतो, आणि ‘आतां नॉर्मल आलें’ म्हणून मनुष्य आनंदानें गोळी बंद करतो. छत्रीखालीं अंग भिजत नाहीं म्हणून भर पावसांत छत्री मिटावी, तशांतला हा प्रकार आहे.

ही गळती किती मोठी आहे, हें २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीवरून कळतें. तिच्या प्रमाणानें १८ ते ६९ वर्षांचीं १,००० माणसें घेतलीं, तर त्यांपैकीं २८५ जणांचा दाब वाढलेला असतो. या २८५ पैकीं आपणांस हा विकार आहे हें सुमारें ८० जणांनाच ठाऊक असतें. औषध घेणारे सुमारें ४१, आणि ज्यांचा दाब खरोखर आटोक्यांत आहे ते सुमारें ३६. उरलेले अडीचशेंजण त्या बुजत्या नळीसारखे, वरून हिरवेगार. आणि आटोक्यांत आणण्याचा लाभ केवढा! पुष्कळ प्रयोगांचा एकत्र हिशेब करून असें सिद्ध झालें आहे कीं, वरचा आंकडा अवघा १० नें उतरविला तरी पक्षाघाताचा धोका सुमारें चौथ्या हिश्श्यानें कमी होतो. नुसती गोळी शोधून भागत नाहीं. ती रोज सकाळीं पोटांत जाण्याची व्यवस्था शोधावी लागते.

अशी व्यवस्था बसविण्याचा एक प्रयत्न २०१७ सालीं आरंभिलेल्या भारत उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमानें केला. पांच राज्यांतील २५ जिल्हे प्रथम निवडले. त्यांत महाराष्ट्राचे भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. त्याचीं सूत्रें साधीं आहेत. सर्व डॉक्टरांनीं ठरलेल्या क्रमानें त्याच दोन-तीन प्रकारच्या गोळ्या द्याव्या, म्हणजे साठा पुरतो. रोग्यास निदान महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्याव्या, आणि त्याहि घराजवळच्या उपकेंद्रांतून. डॉक्टरावर सर्व भार न टाकतां परिचारिकेनें दाब मोजावा. आणि प्रत्येकाची नोंद ठेवून जो आला नाहीं त्यास निरोप धाडावा. यांत चमत्कार कांहीं नाहीं. वाण्याच्या दुकानांत जी शिस्त असते, म्हणजे माल संपूं न देणें आणि येणें बाकी असलेल्याचें नांव वहींत ठेवणें, तीच येथें हवी. ज्या महिन्यांत ही शिस्त मोडते व रोगी चार मैल चालून रिकाम्या हातीं परततो, त्या महिन्यांत कार्यक्रमाचा पराभव होतो, मग भिंतीवर कितीहि फलक लागोत.

तथापि, सर्व भार रोग्याच्या निश्चयावर आणि नर्सच्या वहीवर टाकून चालत नाहीं, हेंहि ध्यानीं घेतलें पाहिजे. फिनलंडांतील उत्तर कारेलिया हा प्रांत हृद्रोगाच्या मृत्यूंसाठीं कुप्रसिद्ध होता. तेथील लोकांनींच सरकारकडे गाऱ्हाणें नेल्यावर १९७२ सालीं डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टराच्या नेतृत्वाखालीं काम सुरू झालें. त्यांनीं नुसतीं व्याख्यानें दिलीं नाहींत. गृहिणींच्या मंडळांना हाताशीं धरून रोजच्या पदार्थांतील लोणी व मीठ कमी करविलें, दुग्धशाळांना व खाद्यपदार्थ करणारांना आपला माल बदलावयास लावला, धूम्रपानाविरुद्ध मोहीम उघडली. चाळीस वर्षांत तेथील काम करत्या वयाच्या पुरुषांतील हृद्रोगाचे मृत्यु शेंकडा ८० हूनहि अधिक घटले. एकट्या माणसास प्रवाहाविरुद्ध पोहावयास सांगण्यापेक्षां प्रवाहच वळविणें अधिक सोपें असतें, हा त्यांतील धडा.

आपल्याकडेहि कायद्यानें असे कांहीं बांध घातले आहेत. तंबाखूच्या जाहिरातींस व विक्रीस लगाम घालणारा कायदा २००३ सालीं झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागीं धूम्रपानास बंदी आली. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. वनस्पति तुपांत व पुनःपुन्हां तळलेल्या तेलांत सांपडणारी जी विशेष घातक चरबी, तिचें प्रमाण औद्योगिक तेल-तुपांत शेंकडा २ च्या वर असूं नये, असा नियम २०२२ च्या आरंभापासून लागू आहे. गुटख्याची पुडी बंदी असूनहि हातोहात फिरते हें खरें. परंतु चोरून विकावी लागणारी वस्तु आणि सणासुदीला पाहुण्यापुढें तबकांत ठेवली जाणारी वस्तु यांत फरक आहे. एकदां वस्तूची प्रतिष्ठा गेली, कीं तरुण पिढी तिला हळूहळू विटते.

एका बाबतींत मात्र कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ती म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा इतकें मीठ पुरे. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणींत सरासरी ८ ग्रॅम आढळलें. हें मीठ भाजींतच असतें असें नव्हे. लोणचें, पापड, कुरडया, सांडगे, शेव, फरसाण, पाव, बिस्किटें या सर्वांतून तें न कळत पोटांत जातें. ताटाच्या डाव्या बाजूस मीठ वाढण्याची रीत सुंदर आहे. पण तें चिमटीनें वाढण्याची आणि बहुधा तसेंच टाकून देण्याची गोष्ट आहे, हें विसरूं नये. भाजींतलें मीठ आठवड्या-आठवड्यानें थोडें थोडें कमी केलें, तर जिभेस कळतहि नाहीं. महिन्याभरानें जुनें माप खारट लागूं लागतें.

हें सर्व जानेफळसाठींच सांगितलें, असें कोणी मानूं नये. पुण्यामुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या कित्येक सुशिक्षित घरांचें मूळ अशाच एखाद्या गांवांत असतें. आई-वडील तेथें असतात, मुलगा दर रविवारीं दूरध्वनीवर विचारतो, “बाबा, प्रकृति बरी आहे ना?” पलीकडून उत्तर येतें, “आम्हांस काय धाड भरली आहे! तुम्ही आपली काळजी घ्या.” दोन्ही बाजूंचें समाधान होतें. उत्तर खोटें नसतें. वडिलांना खरोखरच बरें वाटत असतें. पण या रोगांत ‘बरें वाटणें’ हा पुरावाच नव्हे. आणि एखाद्या पहांटे लकव्याचा झटका येतो, उजवा हात पडतो, वाचा जाते. नांगर धरणारा हात गेला म्हणजे त्या घराचें शेत बटाईनें जातें, सुनेचें आयुष्य अंथरुणाशीं बांधलें जातें, मुलाची नोकरी रजेवर जाते. सुमारें पंधरा वर्षें मुकाट असलेला रोग एका सकाळींच सर्व हिशेब मागतो.

म्हणून यापुढें क्षेमकुशल विचारतांना एक प्रश्न अधिक विचारावा. “प्रकृति कशी आहे?” याच्या जोडीला, “मागच्या महिन्यांत दाब किती भरला होता? गोळ्या किती उरल्या?” दिवाळीला गांवीं जातांना मिठाईच्या पेटीबरोबर दंडाला बांधावयाचें दाबमापक यंत्र न्यावें. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य. पांच मिनिटें शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, पाठीला आधार देऊन, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजावें. थोड्या वेळानें पुन्हां मोजावें आणि दोन्ही आंकडे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. आंकडा मोठा निघाला तर घाबरून जाऊं नये, आणि शेजाऱ्याची गोळीहि घेऊं नये. जवळच्या केंद्रावर डॉक्टरांस दाखवावा. वडिलांचा मोजून झाला कीं स्वतःचाहि मोजावा. आणि ओसरीवर फीत घेऊन आशाताई आल्याच, तर ‘आमच्याकडे कोणी आजारी नाहीं’ असें म्हणून त्यांना दारांतून परत पाठवूं नये. त्या आजाऱ्यास शोधावयास आलेल्या नसतात. जो अजून आजारी पडलेला नाहीं, त्याच्यासाठींच त्या उन्हातान्हांतून आलेल्या असतात.